दुरपदीबायचा तोंडी वर्ग

एकतीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि त्यातली पहिली सात वर्षं मला इंग्रजी बोलता येत नव्हतं. हे मी आज पहिल्यांदाच छापून कबूल करतोय. पेन्शन आता कोणी काढून घेणार नाही आणि त्या वेळचे आमचे हेडमास्तर देवाघरी गेले. वर भेटतील तेव्हा काय ते बोलतील.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली गोम ठाऊक नसते म्हणून सांगतो. त्या काळी इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. शिकवायचं म्हणजे धडा वाचायचा, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, शब्दार्थ फळ्यावर लिहायचे आणि उरलेला वेळ व्याकरणाला द्यायचा. व्याकरणात मी वाघ होतो. कुठलंही कर्तरी वाक्य द्या, डोळे मिटून कर्मणी करून देत असे. ‘राम आंबा खातो’ हे वाक्य माझ्या वर्गात इतक्या वेळा उलटंपालटं झालं की देवगडच्या सगळ्या बागा रामाने एकट्याने संपवल्या असत्या. पण ‘काय मास्तर, आंबा खाणार का?’ असं मला इंग्रजीत कोणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? आमचं गाव जामसंड्याहून दीड तास चालत, खाडीच्या काठाला. तिथे इंग्रजी फक्त पुस्तकात आणि औषधाच्या बाटलीवर असायचं.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. दिवाळीची सुट्टी संपता संपता हेडमास्तरांनी मला बोलावलं आणि एक पत्र पुढे सरकवलं. विलायतेहून एक बाई येणार होती. पगार न घेता सहा महिने राहणार, मुलांना इंग्रजी बोलायचा सराव देणार. “तिच्या मदतीला तुम्ही,” हेडमास्तर म्हणाले. “इंग्रजीचे तुम्हीच ना?”

मी घरी गेलो आणि आजारी पडलो. ताप काही येईना. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “झिला, तुका काय्येक झाला नाय. तू भियालंस.” आईपुढे व्याकरण चालत नाही.

गावात तीन मतं होती. एक, बाई हेर आहे. दोन, बाई बाटवायला येतेय. तीन, ती हापूसची कलमं चोरायला येतेय. फुकट शिकवायला कोणी समुद्र ओलांडून येतं, यावर मात्र एकाचाही विश्वास नव्हता.

बाई बोटीने आली. देवगडला बोट लांब उभी राहायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणायचे. मी धक्क्यावर हार घेऊन उभा. तीन दिवस घोकलेलं एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्यात ‘ऑस्पिशस’ हा शब्द होता आणि एक कर्मणी प्रयोगही होता. पडावातून गुडघ्यापर्यंत भिजलेली, उन्हाने टोमॅटोसारखी झालेली, पंचविशीतली एक उंच मुलगी उतरली. मी हार पुढे केला, तोंड उघडलं, आणि माझ्या वाक्याआधी तिचंच वाक्य आलं.

“व्हेअर इज द लू, प्लीज?”

लू? मला माहीत असलेली लू एकच. उत्तर हिंदुस्थानात उन्हाळ्यात वाहतो तो गरम वारा. बाई उन्हाने घाबरली असणार, असं समजून मी तिला धीर दिला.

“हिअर नो लू, मॅडम. ओन्ली इन नॉर्थ इंडिया.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग जामसंड्याच्या दिशेने बघितलं. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, “ब्लडी हेल, मास्तर! बाय संडास विचारता!”

हा दाजी बटलर. चाळीस वर्षं बोटींवर नोकरी करून घरी बसलेला. त्याने बाईला अदबीने लवून सलाम केला, धक्क्याजवळच्या एका घरी नेऊन सोडलं आणि परत येऊन माझ्याकडे असं बघितलं की मला सातही वर्षांचा पगार परत करावासा वाटला.

बाईचं नाव डॉरथी. गावाने पहिल्याच आठवड्यात ते चावून चावून ‘दुरपदी’ करून टाकलं. दुरपदी म्हणजे आमच्याकडची द्रौपदी. तिला सांगितलं की ही महाभारतातली राणी आहे, तेव्हा बाई खूश झाली. पाच नवऱ्यांचं आम्ही मुद्दामच सांगितलं नाही.

तिच्या वर्गाला नाव मीच दिलं, ‘तोंडी वर्ग’. शाळा सुटल्यावर शाळेमागच्या आंब्याखाली चटया टाकून बसायचं. पुस्तक नाही, फळा नाही, पाटी नाही. एकाने वाणी व्हायचं, दुसऱ्याने गिऱ्हाईक. एकाने तिकीट मास्तर, दुसऱ्याने उतारू. चुकलं तरी थांबायचं नाही, असा तिचा नियम. माझा सगळा संसार चुकीला थांबवण्यावर उभा होता.

मी तिच्या शेजारी खुर्चीवर बसायचो. तीन वाक्यांवर मी महिने काढले. ‘क्वाइट सो’, ‘इन्डीड’ आणि ‘व्हेरी ट्रू’. बाई काहीही म्हणाली की मी तिन्हींपैकी एक फेकायचो. एकदा तिने मला विचारलं की आज जेवणात काय होतं. मी म्हणालो, “इन्डीड.” ती बिचारी हसली आणि पुढे गेली.

वर्गात चौदा जण होते. एक सोडून बाकीचे गंमत म्हणून. दाजी बटलर न बोलावता यायचा आणि त्याचं इंग्रजी आम्हा सगळ्यांत धावतं होतं. फक्त त्याच्या दर तिसऱ्या शब्दाला खलाशांची शिवी चिकटलेली असायची. “ब्लडी गुड इव्हनिंग, मिस!” बाई लाल व्हायची, पण हसू दाबताना. ती मला म्हणायची, मुलांनी याच्यासारखं बेधडक बोलावं, फक्त एक शब्द सोडून.

मुलांचं इंग्रजी म्हणजे आमचीच बोली वर कोट घालून आलेली. आमच्याकडे वाटेत कोणी भेटलं की ‘काय म्हणतंस?’ म्हणतात. मुलं सकाळी बाईला गाठून विचारायची, “व्हॉट यू से, मॅडम?” बाई गोंधळून म्हणायची, मी तर काहीच म्हटलं नाही. आमच्याकडे प्रेमाने हाक मारायची तर ‘मेल्या’ म्हणतात. एक मुलगा उशिरा आला तेव्हा दुसऱ्याने खणखणीत आवाजात विचारलं, “डेड मॅन, व्हेअर वेअर यू?” बाई चटईवर आडवी होऊन हसली. त्या दिवसापासून ती हेडमास्तर आले की हळूच मला विचारायची, ह्यांनाही मेल्या म्हणतात का? मी म्हणायचो, “क्वाइट सो.” खरं तर ते उत्तर बरोबरच होतं.

पण एकजण गंमत म्हणून आलेली नव्हती. शालन. गेल्या वर्षी माझ्याच हाताखाली मॅट्रिक झालेली. बापूस गलबतावर खलाशी, मंगळुरी कौलं घेऊन मुंबईकडे जाणारा. घरी आई जनीकाकी. गावात कोणाला काटा रुतला, कोणाचं गळू ठणकलं, की शालन सुई उकळून हजर. तिला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नर्सिंग शिकायचं होतं. अर्ज गेला होता, बोलावणंही आलं होतं. चैत्रात मुलाखत, ती तोंडी आणि सगळी इंग्रजीत. बापूस म्हणाला होता, “एक खेप जाऊन बघ. नाय घेतल्यानी तर परत मुंबयचा नाव काढू नको.” एकच खेप. म्हणून ही मुलगी रोज पहिली यायची आणि चटई झटकून ठेवायची. वर्गात मात्र तोंड उघडायची नाही. लिहायला सांगा, एक चूक नाही. बोलायला सांगा, पायाच्या अंगठ्याने माती उकरणार. अगदी माझीच विद्यार्थिनी!

आता ती भानगड सांगतो जिच्यावर सगळं फिरलं.

एक दिवस बाईला हुक्की आली की वर्ग संपल्यावर सगळ्यांना आपल्या खोलीवर चहा द्यायचा. पण बोलवायचं कसं, याचा ती विचार करत असतानाच वर्ग सुटला. मुलं उठली आणि जाताना एकेक करून नमस्कार करत म्हणाली, “मॅडम, आय अ‍ॅम कमिंग.” चौदाच्या चौदा! बाईला वाटलं, न बोलावताच हे येणार, किती गोड लोक! ती धावत खोलीवर गेली, चौदा जणांचा चहा टाकला, हेडमास्तरांच्या घरून कपबश्या मागून आणल्या आणि ओटीवर बसून राहिली. दिवेलागण झाली. कोणी आलं नाही. येणार कोण? सगळे आपापल्या घरी पेज जेवत होते.

दुसऱ्या दिवशी बाई रुसलेली. पहिल्यांदाच मला कडक आवाजात विचारलं की तुमची मुलं खोटं का बोलतात? आता इथे ‘व्हेरी ट्रू’ म्हणून चाललं नसतं. निरोप घेताना आमच्यात ‘जातंय’ म्हणत नाहीत, ‘येतंय’ म्हणतात. जातो तो परत न येणारा. एवढंच सांगायचं होतं. मराठीत एका श्वासात झालं असतं. इंग्रजीत मी घामाने भिजलो आणि शेवटी म्हणालो, “मॅडम, गो इज डाय. कम इज गो.”

बाईने ते वहीत लिहून घेतलं. तिला काय कळलं देव जाणे. पण मग दाजी बटलरने तिला सगळं सविस्तर सांगितलं, शिव्यांसकट, आणि तिचा रुसवा गेला. तिला ते फार आवडलं. वर्ग सुटला की तीच “येतंय” म्हणायला लागली.

मला मात्र ते आवडलं नाही. माझ्यातला व्याकरणाचा वाघ जागा झाला. मुंबईच्या मुलाखतीत हे असं चाललं तर साहेबलोक हसतील, आणि हसतील ते मला. मी ठरवलं, ही खोड मोडायची. शालनपासून.

मुलाखतीचा सराव सुरू झाला. दाजी बटलर रोगी. शाळेच्या बाकावर आडवा व्हायचा, पोटाला हात लावून कण्हायचा, “ओ गॉड, ब्लडी पेन, सिस्टर!” दुरपदीबाय मेट्रन. शालनने नाडी बघायची, पाणी द्यायचं, दोन शब्द बोलायचे आणि शेवटी म्हणायचं, “आय अ‍ॅम गोइंग नाऊ. गुड बाय.” बाकी सगळं ती हळूहळू बोलायला शिकली. बाई तिला रोज एक तास जास्त घेऊन बसायची. पण शेवटच्या वाक्याला ती अडायची. तोंडातून यायचं ते ‘आय अ‍ॅम कमिंग’च.

“गोइंग!” मी ओरडायचो.

“सर, आजारी माणसाला कसं म्हणू?”

“इंग्रजीत गोइंग म्हणजे नुसतं गोइंग. त्यात मरण नसतं.”

बाकावरून दाजी म्हणायचा, “मास्तर, माका पण बरा वाटणा नाय हां. पोटात खरा दुखाक लागता.”

एके दिवशी मी तिला उभी केली आणि ‘आय अ‍ॅम गोइंग’ पन्नास वेळा म्हणायला लावलं. आंब्याखाली, सगळ्यांदेखत. बाई मध्ये पडली तर मी तिलाही हाताने थांबवलं. शालनने पन्नास पुरे केले. शेवटी शेवटी तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, हट्टी आहे. मला तेव्हा हे सुचलं नाही की तिचा बापूस त्या आठवड्यात मंगळूरच्या वाटेवर समुद्रात होता. त्या पन्नास वेळांची मला आजही लाज वाटते.

चैत्रात शालन मामाबरोबर बोटीने मुंबईला गेली आणि बारा दिवसांनी परत आली. मी आणि बाई तिच्या घरी गेलो. जनीकाकीने दारापुढच्या खळ्यात पाट मांडले, कोकमाचं सरबत दिलं. शालन खांबाला टेकून उभी होती.

ती सांगू लागली. मेट्रन खरीच गोरी होती, चष्मेवाली, वयस्क. पहिले सगळे प्रश्न शालनने व्यवस्थित सोडवले. मग मेट्रन म्हणाली, समज मी रोगी आहे, तुझी ड्यूटी संपली, तू घरी निघालीस. काय म्हणशील?

“मग?” मी पुढे सरकलो.

“आय अ‍ॅम कमिंग म्हटलं, सर.”

मी कपाळावर हात मारला. मेट्रनने विचारलं होतं, कमिंग कुठे? तू तर इथेच उभी आहेस. आणि मग, शालनच सांगत होती, तिला काय झालं कोण जाणे, ती बोलत सुटली. शिकवलेलं काहीच आठवत नव्हतं म्हणून जे तोंडात आलं ते. “मॅडम, माय फादर इज ऑन सी. माय मदर नेव्हर से गो. शी से कम. सो ही कम. सिक मॅन आल्सो. आय से गो, ही फिअर. आय से कम, ही वेट. ही वेट, ही नॉट डाय.” मेट्रनने चष्मा काढून पुसला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, यू मे गो.

“निघालीस ना मग?”

शालनने मान खाली घातली. “सर, मी म्हटलं, येस मॅडम, आय अ‍ॅम कमिंग. ती बाई मोठ्याने हसली.”

“हसणारच!” मी उसळलो. “एवढ्याशा बोलण्यात किती चुका मोजू? क्रियापदाला एस नाही, डझ नाही, काळ नाही! पाच महिन्यांची मेहनत खाडीत घातलीस! शाळेचं नाव घालवलंस! बापसाने एक खेप दिली होती, एक!” जनीकाकीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. शालन आत निघून गेली.

वाटेत दुरपदीबाय माझ्यापुढे झपझप चालत होती. बांधावर आल्यावर थांबली आणि इंग्रजीत, पण अगदी सावकाश, मला कळावं म्हणून सावकाश, म्हणाली, “ती बोलली, मास्तर. तिच्याकडे सांगायचं काही होतं आणि ते तिने सांगितलं.”

“राँग ग्रामर,” मी म्हणालो.

“हो. पाच महिन्यांत तुम्ही माझ्याशी एकही चूक केली नाहीत. कारण तुम्ही माझ्याशी कधी बोललाच नाहीत.”

यावर मला तिन्ही वाक्यांतलं एकही सुचलं नाही. त्या संध्याकाळी आई म्हणाली, “आज खरो ताप इलो वाटता.”

मग मे महिना आला. शाळेला सुट्टी, पण तोंडी वर्ग चालू होता, कारण बाईला पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने जायचं होतं आणि तिला एक दिवसही फुकट घालवायचा नव्हता. शालन वर्गाला येईनाशी झाली होती. मी तिच्या वाटेला जात नव्हतो. गेलो असतो तर काय म्हणायचं ते मला मराठीतही जमत नव्हतं.

एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास वर्ग रंगात आला होता आणि घाटीवरून खाकी टोपी उतरताना दिसली. तारवाला. आमच्या गावात तार यायची ती एकाच कारणाने. टोपी दिसली की वाडीवाडीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या आणि देवाला म्हणायच्या, माझ्या दारात नको. टोपी खाली आली, ओढ्याकडे वळली आणि जनीकाकीच्या खळ्याकडे निघाली. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. शालनचा बापूस गलबतावर होता.

काकीने तार उघडायची वाट बघितली नाही. तिने गळा काढला. तो ऐकून शेजारणींनी काढला. त्यांचा ऐकून पलीकडच्या वाडीने काढला. मी धावत सुटलो. माझ्यामागे चपला हातात घेतलेली दुरपदीबाय, तिच्यामागे दाजी आणि सगळा तोंडी वर्ग. खळ्यात पोचलो तर पंधरा-वीस बायका ऊर बडवत होत्या आणि मधोमध तारवाला बावरून उभा. “अहो, मी अजून तार दिलीच नाही!” तो माझ्याकडे बघून म्हणाला.

मी त्याच्या हातून तार घेतली. पाकीट फोडलं. आत इंग्रजीत मोजके शब्द. शालन निवडली गेली आहे, एक जूनला हजर व्हा.

त्यानंतर मला काय झालं ते मी सांगतो, पण नीट सांगता येणार नाही. माझ्या तोंडातून इंग्रजी सुरू झालं. मनात मराठी वाक्य जुळवायचं, त्याचं भाषांतर करायचं, क्रियापद तपासायचं, ह्यातलं काहीही झालं नाही. “शी इज सिलेक्टेड! आवर शालन! स्टॉप क्राइंग, एव्हरीबडी! नोबडी इज डेड! आय टेल यू, नोबडी! लाफ! व्हाय यू डोन्ट लाफ?” मी हात वर करून नाचत होतो. दुरपदीबाय चपला हातात घेऊन तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. मग तीही ओरडायला लागली, तीही नाचायला लागली.

“अगो बाये,” एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “इंग्लिशात सांगतत. म्हणजे मोठाच काय तरी झालाला आसा!” आणि रडण्याचा आवाज दुप्पट झाला.

जनीकाकीने माझा सदरा धरला. “मास्तरानू, पाया पडतंय तुमच्या. आमच्या भाषेत सांगा. काय झाला?”

मी धापा टाकत होतो. आनंदाने मला शब्द सुचेना. मी म्हणालो, “काकी, गेली! शालन गेली!”

मला म्हणायचं होतं, इस्पितळात गेली, यादीत गेली, पार झाली. काकीचे डोळे विस्फारले.

“गेलो की गेली? घोव गेलो म्हणतास काय चेडू?”

“नवरा नाही, मुलगी! शालन! गेली, काकी, गेली!”

काकी मटकन खाली बसली. आता मघाच्या रडण्याला निश्चित नाव मिळालं. “शालना माझ्या! अशी कशी गेलंस गो! सकाळीच माझ्या हातची पेज जेवलंस गो! आता खंय बघू तुका! खंय आसंस गो शालना!”

“हयसरच आसंय गे आये!” वरच्या भरडावरून, घरामागच्या टेकाडावरून, आवाज आला. “काजी काढूक गेल्लंय!”

डोक्यावर टोपली घेतलेली शालन उतारावर उभी होती. खळ्यात अशी शांतता पडली की टोपलीतून घरंगळलेल्या दोन काजूबिया कातळावर पडल्याचं ऐकू आलं. मग दाजी बटलर, बाकावर रोज मरता मरता वाचलेला तो दाजी, मोठ्याने म्हणाला, “ब्लडी मिरॅकल!” आणि सगळं खळं हसत सुटलं. डोळ्यांतलं पाणी तसंच गालावर. तारवालासुद्धा टोपी काढून हसला.

काकी मात्र हसली नाही. ती उठली, शालनच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला, तिला कवटाळलं, आणि तशीच माझ्याकडे वळली.

“मास्तरानू, तुमी शिकलेलो माणूस. माझ्या जित्या चेडवाक गेली म्हणतास? असा बोलतत?”

मी सगळ्या वाडीसमोर हात जोडले. “चुकलं, काकी.” मग शालनकडे बघून म्हणालो, “शालन, तेव्हाही माझंच चुकलं होतं. त्या पन्नास वेळाही, आणि त्या दिवशी तुझ्या घरात येऊन बोललो तेही. तुझं बरोबर होतं.” हे मी मराठीत म्हणालो. दुरपदीबायने ते दाजीकडून भाषांतर करून घेतलं आणि तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

शालनने टोपली खाली ठेवली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. ती हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही.

“ता ऱ्हवांदे,” काकी म्हणाली. “आता त्या कागदार काय लिवला हा, ता नीट सांगा. हळू हळू सांगा.”

मी तार उघडून धरली. खळ्यातल्या सगळ्या बायका डोळे पुसत पुढे सरकल्या. मी सुरुवात केली, “शालन एक जूनला मुंबईला...” आणि थांबलो. पुढचं क्रियापद माझ्या जिभेच्या टोकावर होतं, व्याकरणाने अगदी शुद्ध. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मागे खाडी होती, आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र, आणि त्यात कुठेतरी तिचा नवरा कौलं घेऊन चालला होता.

“काकी,” मी म्हणालो, “तीन वर्षांनी शालन मुंबईहून येणार आहे. नर्स होऊन येणार आहे.”

“येंव दे,” काकी म्हणाली, आणि तेव्हा खरी रडली.